एकदा बनवा, अनेकदा विका : डिजिटल फाइलच्या विक्रीतून स्वतंत्र उत्पन्न मिळवण्याची पद्धत

कमी श्रमाचा ऑनलाइन व्यवसाय म्हटले की झोपेतही खात्यात पैसे जमा होत असल्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र रंगवून अभ्यासवर्ग विकणाऱ्यांची कमाई बऱ्याचदा त्यांच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक असते. अशा व्यवसायात श्रम टळत नाहीत. त्यांचे दोन भाग पडतात : वस्तू तयार होईपर्यंतचे आणि विक्री झाल्यानंतरचे. पहिला भाग कितीही मोठा असला तरी तो कधीतरी संपतो. दुसरा भाग मात्र प्रत्येक ग्राहकाबरोबर वाढत जातो आणि तो आवरला नाही तर दहा ग्राहकांचे शंकासमाधान करण्यातच संध्याकाळ सरते. म्हणून कमी श्रमाचा व्यवसाय म्हणजे विक्रीनंतरचे श्रम जवळजवळ शून्यावर आणलेला व्यवसाय, अशी व्याख्या करावी आणि प्रत्येक निर्णय घेताना ‘यामुळे उद्या किती फोन येतील?’ हा एकच प्रश्न विचारावा.

या दृष्टीने पाहता, एकदा तयार केलेली फाइल अनेकांना विकण्याचा व्यवसाय नोकरी किंवा घर सांभाळून करण्याजोगा आहे. पुढील मार्गदर्शनासाठी एकच उदाहरण घेतले आहे : महाराष्ट्रातील छोट्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना लागणारा, मेंटेनन्स बिलाचा मराठी एक्सेल तक्ता. हे उदाहरण ज्यांना परके वाटते त्यांनी त्या जागी स्वतःच्या माहितीतील विषय ठेवावा. बालवाडीच्या शिक्षिकेला सरावपत्रिका सुचतील, केटरिंगचा अनुभव असलेल्याला शंभर पानांच्या पंगतीच्या साहित्याचा हिशेब सुचेल.

इतर मार्ग येथे का घेतले नाहीत, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात पूर्ण वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्राइबर आणि त्याबरोबर मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी दर्शने लागतात. एवढे झाल्यावरही नवे व्हिडिओ देत राहावे लागते, त्यामुळे त्याला कमी श्रमाचा व्यवसाय म्हणणे धाडसाचे ठरेल. मराठीत ई-पुस्तक काढून ते अॅमेझॉनच्या किंडलवर विकता येते. तेथे रॉयल्टीचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत, परंतु भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या फक्त तेथेच विकण्याच्या योजनेत घालावे लागते आणि ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत त्याची डिजिटल प्रत अन्यत्र विकता येत नाही. हस्तलिखित तयार असेल तर हा मार्ग चांगला आहे. अॅडोब स्टॉकवर छायाचित्राच्या विक्रीतील ३३ टक्के वाटा मिळतो, पण तेथे शेकडो चित्रांचा साठा उभा करावा लागतो. दुसऱ्याच्या वस्तूची लिंक देऊन कमिशन मिळवण्याच्या मार्गात वस्तू, किंमत आणि कमिशनचा दर यांपैकी काहीच आपल्या हातात राहत नाही.

ग्राहक आधी, वस्तू नंतर

काय विकावे याआधी कोणाला विकावे हे ठरवावे. ज्याला एखादे काम दर महिन्याला किंवा दर वर्षी करावेच लागते, ज्याला ते चुकण्याची धास्ती असते आणि ज्याला त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत, असा ग्राहक सर्वांत चांगला. गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी किंवा खजिनदार या तिन्ही कसोट्यांना उतरतो. बिल दर महिन्याला किंवा तिमाहीला काढावेच लागते, आकारणीत चूक झाली की सर्वसाधारण सभेत त्याचा जाब द्यावा लागतो, आणि पाचशे रुपयांचा खर्च संस्थेच्या खात्यातून होतो, त्यासाठी त्याला फक्त रीतसर पावती हवी असते. महाराष्ट्रात अशा संस्था लाखाहून अधिक आहेत. मोठ्या संकुलांत अॅप आणि पगारी व्यवस्थापक असतात, मात्र बारा ते चाळीस सदनिकांच्या इमारतींत अजूनही एखादे निवृत्त गृहस्थ वहीत किंवा कुणीतरी दहा वर्षांपूर्वी करून दिलेल्या तक्त्यात हिशेब ठेवतात. आपला ग्राहक हा.

मागणी खरोखर आहे का, हे पाहण्यासाठी पैसे खर्च करू नयेत. गूगलच्या शोधपेटीत ‘सोसायटी मेंटेनन्स बिल’ एवढेच टाइप करून पुढे कोणत्या सूचना येतात ते पाहावे, मराठीत, रोमन लिपीतील मराठीत आणि इंग्रजीत असे तिन्ही प्रकारे पाहावे, आणि याच विषयावरील व्हिडिओंखाली लोक काय विचारतात ते नोंदवून ठेवावे. ‘फॉरमॅट मिळेल का’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला तर तेवढे संशोधन पुरेसे आहे. त्यानंतर ओळखीच्या दोन-तीन सेक्रेटरींकडे बसून ते बिल कसे काढतात हे पाहावे. त्या वेळी सल्ला देऊ नये, नुसते पाहावे. ते कोठे अडतात, कॅल्क्युलेटर कोठे उचलतात, कोणता आकडा दुसऱ्या वहीतून पाहून लिहितात, यातच आपल्या फाइलचा आराखडा दडलेला असतो.

फाइलमध्ये काय असावे

येथे विषयाचे ज्ञान कामी येते, आणि ज्याला विषय कच्चा आहे त्याने येथेच थांबून दुसरा विषय निवडावा. सुबक दिसणारा पण चुकीचा तक्ता विकणे म्हणजे पन्नास इमारतींत एकाच वेळी भांडण लावणे होय.

सहकारी गृहनिर्माण संस्थेची आकारणी आदर्श उपविधींनुसार, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, होते. त्यांत सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते, सदनिका लहान असो वा मोठी. पाण्याचे शुल्क नळांच्या संख्येवर ठरते. दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा राखीव निधी, किमान ०.२५ टक्के असा धरतात, व नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. सदनिका भाड्याने दिली असल्यास बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज आकारायचे असून त्याची कमाल मर्यादा द.सा.द.शे. २१ आहे.

याचा हिशेब करून पाहू. वीस सदनिकांच्या इमारतीत सुरक्षारक्षक, सफाई, लिफ्ट, सामायिक वीज आदींचा मासिक खर्च ३६,००० रुपये असेल तर सेवा शुल्क प्रत्येकी १,८०० रुपये होईल. एका सदनिकेचा बांधकाम खर्च ८,००,००० रुपये धरला, तर दुरुस्ती निधी वर्षाला ६,००० म्हणजे महिना ५०० रुपये आणि सिंकिंग फंड वर्षाला २,००० म्हणजे महिना सुमारे १६७ रुपये येतो. भाडेकरू असल्यास जास्तीत जास्त १८० रुपये वाढतील. एखाद्याची २,५०० रुपयांची थकबाकी महिनाभर राहिली, तर कमाल दराने व्याज ४३ रुपये ७५ पैसे होते. तक्त्याने नेमके एवढेच करायचे आहे, मात्र ते न चुकता आणि वीस जणांसाठी एका दमात करायचे आहे.

त्यासाठी पाच पाने पुरतात : सभासदांची यादी, दर, मासिक बिल, वसुलीची नोंद आणि थकबाकी. सभासदांच्या यादीत सदनिका क्रमांक, नाव, नळांची संख्या, पार्किंग आणि ‘बिनभोगवटा शुल्क लागू : होय किंवा नाही’ एवढेच रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना जाणूनबुजून असा ठेवायचा, कारण सदनिकेत सभासदाची विवाहित मुलगी किंवा नातवंडे राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. तो निर्णय समितीने घ्यावा, तक्त्याने नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे पान ‘दर’ हे आहे. २१ टक्के, १० टक्के, ०.७५ टक्के यांपैकी एकही आकडा सूत्राच्या पोटात लिहू नये. हे सर्व आकडे या एकाच पानावर, प्रत्येकी एका चौकटीत ठेवावेत आणि बाकीच्या सर्व सूत्रांनी ते तेथून उचलावेत. उपविधी बदलतात, सर्वसाधारण सभा दर बदलते, आणि आकडा सूत्रात पुरलेला असेल तर प्रत्येक बदलाबरोबर सर्व ग्राहकांचे फोन येतात. एका चौकटीत असेल तर सेक्रेटरी स्वतः तो बदलतो.

फाइल कोणासाठी नाही हेही तितक्याच ठळकपणे लिहावे. पुण्यात आणि अन्यत्र अनेक इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील कॉन्डोमिनियम आहेत. तेथे सामायिक खर्च प्रत्येक मालकाच्या अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात विभागला जातो, त्यामुळे समान सेवा शुल्काचा तक्ता तेथे चालणार नाही. वर्णनाच्या दुसऱ्याच ओळीत ‘ही फाइल अपार्टमेंट कॉन्डोमिनियमसाठी नाही’ असे लिहिल्याने काही विक्री बुडेल. ती बुडू द्यावी, पैसे परत मागणाऱ्या ग्राहकापेक्षा न आलेला ग्राहक स्वस्त पडतो.

फोन कोठून येतात

गणित बरोबर असूनही फोन येतात ते संगणकाच्या सवयींमुळे. मोबाइलवरील मराठी कीबोर्डने १, २, ३ असे देवनागरी अंक टाइप केले की तक्त्याचे सॉफ्टवेअर अनेकदा त्यांना संख्या न मानता मजकूर मानते, आणि बेरीज शून्य येते. सेक्रेटरीच्या दृष्टीने फाइल बिघडलेली असते. म्हणून आकड्यांच्या प्रत्येक रकान्यावर डेटा व्हॅलिडेशन लावून केवळ संख्याच स्वीकारली जाईल अशी तजवीज करावी आणि चूक झाल्यास ‘कृपया इंग्रजी अंक वापरा’ असा मराठी संदेश दिसेल असे करावे. बिलाच्या छापील पानावर हवे तर अंक देवनागरीत दाखवता येतील, भरताना मात्र नकोत.

दुसरे, मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये घातलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, वापरू नयेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून मुळातच बंद ठेवते आणि ते सुरू करण्याची कृती सामान्य वापरणाऱ्याला समजावून सांगणे म्हणजे अर्ध्या तासाचा फोन आहे. तिसरे, नवी सूत्रे टाळावीत. एक्सलुकअप हे यादीतून माहिती शोधून आणणारे सूत्र एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, पण २०१६ किंवा २०१९ च्या आवृत्तीत ते चालत नाही. आपल्या ग्राहकाचा संगणक बहुधा मुलाने वापरून ठेवून दिलेला असतो. जुने व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच वापरल्यास फाइल सगळीकडे उघडते. सूत्रांच्या चौकटी कुलूपबंद कराव्यात आणि भरायच्या चौकटींना एकच फिकट रंग द्यावा. गूगल शीट्समध्येही तीच फाइल तपासून घ्यावी, कारण काही खजिनदार सगळे काम फोनवरच करतात.

अक्षरांच्या बाबतीत युनिकोड, म्हणजे सर्व उपकरणांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांची प्रमाण पद्धत, सोडून दुसरा विचार करू नये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ग्राहकाकडे तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांत बदलतो. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, गूगलचा नोटो सान्स देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी कोणताही व्यावसायिक वापरासाठी विनाशुल्क घेता येतो. शेवटच्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ पाहून निवृत्त मुख्याध्यापक असलेला अध्यक्ष नाक मुरडतो, हे खोटे नाही. तथापि एक्सेलमध्ये फॉन्ट फाइलसोबत जात नाही, म्हणून छापील नमुन्याच्या पीडीएफमध्ये आवडीचा फॉन्ट वापरावा आणि तक्त्यात विंडोजसोबत येणाराच ठेवावा.

ज्यांचा विषय सरावपत्रिका, निमंत्रणपत्रिका किंवा संकलनांचा आहे त्यांनी स्वामित्वहक्काकडे लक्ष द्यावे. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो, म्हणजे १९६० साली निधन पावलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील धडे, कविता किंवा चित्रे उचलून सरावपत्रिकेत घालता येत नाहीत. घटक तोच ठेवून उदाहरणे मात्र स्वतःची रचावी लागतात. कॅन्व्हासारख्या साधनातील तयार चित्र जसेच्या तसे स्वतंत्र वस्तू म्हणून विकण्यासही परवानगी नसते.

तयार झालेली फाइल विकण्यापूर्वी ज्या सेक्रेटरींचे काम पाहिले होते त्यांना विनामूल्य द्यावी आणि त्यांच्याकडून लागोपाठ दोन महिन्यांची बिले काढून घ्यावीत. पहिल्या महिन्यात मांडणीतील अडचणी कळतात, पण थकबाकी आणि व्याज पुढे ओढले जाते की नाही हे दुसऱ्याच महिन्यात कळते. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधी फाइलमध्ये बदल करून देता येते का ते पाहावे. ते शक्य नसेल तरच तो प्रश्न सूचनापत्रकात घ्यावा. सूचनापत्रक दोन पानांपेक्षा मोठे झाले तर दोष पत्रकाचा नसून फाइलचा आहे असे समजावे.

किंमत आणि पैसे

किंमत ठरवताना आपल्याला लागलेले तास मोजण्यात अर्थ नाही. ग्राहकाचे किती तास वाचतात आणि कोणत्या रकमेपर्यंत खर्च करायला त्याला समितीची बैठक बोलवावी लागत नाही, हे पाहावे. पाचशेच्या आतील रक्कम या ग्राहकाला सोपी जाते, आणि ९९ रुपये किंमत ठेवण्याचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण स्वस्त फाइल घेणारा प्रश्न कमी विचारतो असा अनुभव कोणत्याच धंद्यात नाही.

पैसे घेण्यासाठी सुरुवातीला स्वतःचा यूपीआय क्यूआर कोड पुरेसा वाटतो, परंतु मग प्रत्येक वेळी पैसे आले का ते पाहून फाइल हाताने पाठवावी लागते आणि कमी श्रमाचा मूळ हेतूच बाजूला पडतो. रेझरपे किंवा इन्स्टामोजोसारख्या सेवेवर पेमेंट पान तयार करून पैसे भरताच फाइलची लिंक आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी. अशा सेवा सामान्यतः रकमेच्या सुमारे २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी घेतात. ४९९ रुपयांच्या विक्रीत हे ११ रुपये ७८ पैसे होतात आणि हाती सुमारे ४८७ रुपये राहतात. महिन्याला वीस फाइली गेल्या तर ९,७४४ रुपये. वीस हा आकडा सहज येतो असे मात्र कोणी समजू नये, पहिल्या काही महिन्यांत दोन किंवा तीनही पुरेसे मानावेत. खाते उघडताना पॅन, बँक खाते, तसेच अटी, गोपनीयता आणि परतावा यांविषयीची पाने मागितली जातात. ती आधीच साध्या मराठीत लिहून ठेवावीत.

परदेशी मंचांचा विचार ग्राहक परदेशी असेल तरच करावा. गमरोड थेट विक्रीवर १० टक्के आणि ०.५० डॉलर घेते. एट्सीवर प्रत्येक वस्तूच्या नोंदणीला चार महिन्यांसाठी ०.२० डॉलर आणि विक्रीवर ६.५ टक्के द्यावे लागतात. न्यू जर्सी किंवा लंडनमधील मराठी कुटुंबांसाठी बारशाच्या किंवा मुंजीच्या निमंत्रणांचे नमुने विकायचे असतील तर एट्सी योग्य. डोंबिवलीच्या सेक्रेटरीला मात्र तेथे नेऊ नये.

परताव्याबाबत उदार असावे. सात दिवसांत कारण न विचारता पैसे परत, असे जाहीर केल्याने विश्वास वाढतो आणि वादात जाणारा वेळ वाचतो. फाइल व्हॉट्सअॅपवर पुढे जाणार हेही गृहीत धरावे. ती अडवण्यासाठी पासवर्ड आणि कुलुपांचे जंजाळ उभे केले तर त्रास पैसे भरलेल्या ग्राहकालाच होतो. बिलाच्या तळाशी संस्थेचे नाव छापले जाईल अशी रचना करावी आणि दर बदलल्यावरची सुधारित फाइल फक्त नोंदलेल्या ईमेलवर पाठवावी.

ग्राहकांपर्यंत पोहोचणे

जाहिरातीवर पैसे खर्च करण्याची सुरुवातीला गरज नाही. पाच-सहा मिनिटांचा एकच व्हिडिओ करावा, त्यात कोऱ्या फाइलपासून छापील बिलापर्यंतचे काम न थांबता दाखवावे, आणि शीर्षकात लोक शोधतात तेच शब्द घालावेत. त्याबरोबर एक छोटी फाइल, उदाहरणार्थ पावतीचा नमुना, विनामूल्य द्यावी. ती घेणाऱ्यांमधूनच पुढे खरेदीदार निघतात. सेक्रेटरींच्या व्हॉट्सअॅप गटांत रोज लिंक टाकणाऱ्याला गटातून काढतात. आकारणीविषयी कोणी शंका विचारली की तिचे नीट उत्तर देणाऱ्याला मात्र लोक स्वतःहून विचारतात. मागणी वर्षभर सारखी नसते. आर्थिक वर्ष बदलताना मार्च-एप्रिलमध्ये आणि ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेच्या तयारीत ती वाढते, दिवाळीत कोणीही मेंटेनन्सचा विचार करत नाही.

संपर्कासाठी स्वतःचा नेहमीचा क्रमांक देऊ नये. व्हॉट्सअॅप बिझनेस वेगळ्या क्रमांकावर घेऊन त्यात तयार उत्तरे आणि ‘उत्तर संध्याकाळी ७ ते ८ या वेळेत मिळेल’ असा आपोआप जाणारा संदेश ठेवावा.

कर आणि नोंदणी

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांना नोंदणी लागत नाही. नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी लावू नये, तो गुन्हा आहे. आयकर मात्र पहिल्या रुपयापासून विचारात घ्यावा लागतो. लहान व्यवसायांसाठी अंदाजित उत्पन्नाची तरतूद असून बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. पगारदारांनी लक्षात ठेवावे की व्यवसायाचे उत्पन्न आले की नेहमीचे आयटीआर-१ म्हणजे ‘सहज’ हे विवरणपत्र चालत नाही, अंदाजित तरतुदीसाठी आयटीआर-४ म्हणजे ‘सुगम’ भरावे लागते. कमिशनच्या उत्पन्नाला ही तरतूद लागू नाही. पहिल्या वर्षी सीएला एकदा दाखवून घेण्याचे पैसे वाया जात नाहीत.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. खासगी नोकरीतही नेमणूकपत्रातील अट आधी वाचावी. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी, नोंदणी हवी असल्यास ती शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये मागणाऱ्यांची संकेतस्थळे हुबेहूब सरकारी दिसतात, तिकडे फिरकू नये.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो. व्हिडिओ लाइक करण्याचे किंवा हॉटेलांना रेटिंग देण्याचे काम देऊन आधी दीडशे-दोनशे रुपये देणारे आणि नंतर ‘पुढच्या टास्कसाठी’ रक्कम भरायला लावणारे टेलिग्राम गट हा व्यवसाय नसून सापळा आहे. काम मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत असतील, किंवा नवी माणसे आणल्यावरच कमाई होत असेल, तर तेथून निघावे. केवळ माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी दरमहा ठरावीक रक्कम देऊन आपले बँक खाते ‘वापरायला’ मागितले तर मुळीच देऊ नये, कारण त्या खात्यातून गेलेल्या फसवणुकीच्या पैशांसाठी पोलीस खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

दुसरी फाइल

पहिली फाइल स्थिरावली, म्हणजे महिनाभरात नवा प्रश्न आला नाही, की दुसरी फाइल करावी. ती त्याच ग्राहकासाठी असावी. नवा विषय म्हणजे नवा ग्राहक, नवा व्हिडिओ आणि पुन्हा पहिल्यापासून ओळख. सेक्रेटरीला मात्र वार्षिक सर्वसाधारण सभेची १४ पूर्ण दिवसांची आणि विशेष सभेची ५ पूर्ण दिवसांची सूचना काढायची असते, इतिवृत्त लिहायचे असते, नामनिर्देशनाची नोंदवही ठेवायची असते. सभेची तारीख टाकताच सूचना लावण्याची शेवटची तारीख दाखवणारा आणि मराठी मसुदा भरून देणारा संच त्याच ईमेल यादीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाठवावा. पहिली फाइल घेतलेल्यांना तो सवलतीत द्यावा. दरवर्षी मार्चमध्ये ‘दर’ पानाची आणि उपविधींतील बदलांची एकदा तपासणी करावी व बदल असल्यास सर्व ग्राहकांना सुधारित प्रत विनामूल्य पाठवावी. वर्षाकाठी ठरवून करायचे काम एवढेच उरले पाहिजे. त्याहून अधिक उरत असेल तर कोणता प्रश्न सर्वाधिक वेळा आला ते व्हॉट्सअॅपच्या संदेशांतून शोधून फाइलच्या त्या भागात दुरुस्ती करावी.